पट, पद आणि पोच : सीमाभागातील सरकारी मराठी शाळेच्या पालकांसाठी वर्षभराचे काम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतील मराठी शाळांचा विषय निघाला की बोलणे लगेच १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर, महाजन आयोगावर आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमादाव्यावर जाते. ते साहजिक आहे. परंतु तिसरीत बसलेल्या मुलाला त्या निकालाची वाट पाहता येत नाही. त्याच्या वर्गात आज शिक्षक आहे की नाही आणि जे शिकवले ते त्याला समजले की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असतो. शाळा सुधारणा समितीत काही वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न मोर्चाने क्वचित सुटतो. तो बहुधा तीन कागदांवर ठरतो. शाळेचा पट, मंजूर पदांचा तक्ता आणि आपण दिलेल्या अर्जाची पोच हे ते तीन कागद होत. ते पालकांच्या हाती कसे ठेवावेत, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पटाचे काम जानेवारीत सुरू करावे

शाळा जूनच्या सुमारास भरते म्हणून पटनोंदणीचे कामही उन्हाळ्यात करायचे, ही आपली जुनी सवय आहे आणि तीच महागात पडते. तोपर्यंत शहरातील शाळेची व्हॅन गावात येऊन गेलेली असते, पहिला हप्ता भरलेला असतो आणि पालकाचे मन वळवणे त्याच्या खिशाला परवडणारे राहिलेले नसते. म्हणून जानेवारीत अंगणवाडी सेविकेकडून येत्या जूनमध्ये पहिलीच्या वयात येणाऱ्या मुलांची यादी घ्यावी, समितीतील दोन-तीन सदस्यांनी, त्यात किमान एका आईने, त्या प्रत्येक घरी जावे आणि कोण येणार, कोण विचारात आहे आणि कोणी आधीच दुसरीकडे ठरवले आहे, हे एका वहीत लिहून काढावे.

घरोघरी जाताना भाषेच्या अभिमानाचे भाषण करू नये. मुलाने प्राथमिक शिक्षण कोणत्या माध्यमात घ्यावे याची निवड पालकाची आहे, शासन मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात दिला आहे. तेव्हा जे सरकारला करता येत नाही ते आपण दारात उभे राहून करू नये. पालकाचे प्रश्न साधे असतात : माझ्या मुलाला कन्नड येईल का, इंग्रजी येईल का, आणि शिक्षक टिकतील का. या तिन्हींची खरी उत्तरे घेऊन जावे. उत्तर नसेल तर ते मिळवण्यासाठी समिती काय करत आहे, ते सांगावे.

एकेका मुलासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. त्याचे कारण बालशिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि त्यापुढे २०० पर्यंत पाच शिक्षक असावेत; मुले १५० हून अधिक झाली की पाच शिक्षकांखेरीज मुख्याध्यापक. म्हणजे ६० चा पट ६१ झाला की तिसऱ्या शिक्षकाची मागणी कायद्याने उभी राहते आणि ६१ चा ६० झाला की अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत आपल्या शाळेचे नाव येण्याची भीती असते. वाडीवरच्या एका घराने मुलगी कुठे घालायची हे ठरवले की कधीकधी सबंध शाळेचा शिक्षक ठरतो.

याहून जुना आणि आपल्याकडे फारसा कोणी न वाचलेला आणखी एक आकडा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवलेले प्रमाण असे होते की, शाळेत त्या भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पुढे १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आले आणि प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे घटनेतच लिहिले गेले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ हेही, शक्य असेल तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे सांगते. मराठी वर्ग बंद करण्याची भाषा सुरू झाली की अर्जात या तिन्हींचा उल्लेख करावा. एकट्या कलमाला जेवढे वजन असते त्यापेक्षा आकड्यासह आलेल्या कलमाला अधिक असते.

निपाणी-चिकोडी भागात पटाची आणखी एक बाजू आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी करणारी कुटुंबे येतात, त्यांची मुले खोपटांजवळ दिवसभर धाकटी भावंडे सांभाळत असतात आणि त्यांची भाषा मराठी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशा मुलाला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी द्यावी लागते, वर्ष निम्मे उलटले म्हणून कलम १५ प्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला किंवा जन्माचा दाखला नाही, ही कारणेही चालत नाहीत. दिवाळीनंतर समितीच्या दोघांनी फडावर एक फेरी मारावी. ही मुले मार्चमध्ये निघून जातील हे ठाऊक असूनही मारावी; पाच महिने वाचायला शिकलेले मूल आणि पाच महिने न शिकलेले मूल यांत फरक असतो.

मात्र पट वाढवण्यासाठी खोटी नावे चढवू नयेत. राज्याच्या सॅट्स या विद्यार्थी-नोंदणीच्या संगणक प्रणालीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असते, आणि एक बनावट नाव सापडले की बाकीच्या ५९ खऱ्या नावांवरचाही विश्वास जातो.

पदांचा तक्ता मागून घ्यावा

'आमच्या शाळेत शिक्षक नाही' ही तक्रार अर्धीच असते. मंजूर पदे किती, भरलेली किती, कागदावर आपल्या शाळेत पण प्रत्यक्षात डेप्युटेशनवर दुसरीकडे असलेले किती, आणि अतिथी म्हणजे मानधनावरचे तात्पुरते शिक्षक किती, हे चार आकडे नसले तर अधिकाऱ्याला 'बघतो' असे म्हणून मोकळे होता येते. यातील तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण डेप्युटेशनवर गेलेल्या शिक्षकामुळे आपले पद भरलेले दिसते आणि वर्ग मात्र रिकामा राहतो.

हे आकडे मुख्याध्यापकांकडून न मिळाल्यास माहिती अधिकारात मागावेत. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. आपले लोक एकाच अर्जात शौचालय, शिक्षक, माध्यान्ह आहार आणि कुंपणाची भिंत असे सगळे घालतात आणि तो त्याच कारणाने परत येतो.

आकडे हाती आले की शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ पाहावे. सरकारी शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे ते सांगते. चार पदांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तर ते प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे लहान शाळेत एकही पद रिकामे ठेवणे कायद्याच्या मर्यादेत बसत नाही, आणि आपल्या बहुतेक मराठी शाळा लहान आहेत. ही साधी टक्केवारी अर्जात मांडली की मागणी विनंतीची राहत नाही, हिशेबाची होते. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा लागतो. कन्नडचा शिक्षकच विज्ञान शिकवत असेल तर तेही लिहावे.

एक सावधगिरी. पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर गटागटाने बसलेली दिसली म्हणून लगेच तक्रार करू नये. ती नली-कली, म्हणजे कर्नाटकाच्या सरकारी शाळांतील कार्डांच्या आधारे गटागटाने शिकण्याची पद्धत आहे. इयत्ता एकत्र बसवणे हा तिचा दोष नसून तिची रचना आहे. तक्रार करायची तर कार्डे मराठीत आली आहेत का आणि शिक्षकाला त्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले आहे का, याची करावी.

अर्ज कन्नडमध्येही द्यावा, पोच मात्र घ्यावीच

घटनेचे कलम ३५० सांगते की, गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणालाही राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. मराठीत अर्ज देणे हा आपला हक्क आहे. पण हक्क असणे आणि काम होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी स्वतः शिकलो. आमच्या शाळेच्या एका खोलीचे छप्पर गळत होते, म्हणून आम्ही नेटका मराठी अर्ज एका कार्यालयात दिला. चार महिन्यांनी चौकशी केली तेव्हा तो त्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात होता, कारण तो ज्या लिपिकाकडे आला त्याला मराठी वाचता येत नव्हते आणि दुसऱ्याकडे तो कोणी नेला नव्हता. नंतर गावातल्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलीकडून तोच अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, मराठी प्रत मागे जोडली आणि त्यावर शेरा पडायला आठवडा पुरला. तेव्हापासून आमचा नियम झाला : वर कन्नड, खाली मराठी, दोन्हींवर सही. यात कमीपणा कोणता, हे मला अजून कळलेले नाही.

अर्जाची रचना लहान ठेवावी. पहिल्या परिच्छेदात शाळेचे नाव, गाव, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि आजचा पट. दुसऱ्यात मंजूर व रिक्त पदे. तिसऱ्यात एकाच विषयाची मागणी आणि तिची मुदत. मुख्य मजकुराचा नमुना असा : 'आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचा पट ६४ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार तीन शिक्षक आवश्यक असताना प्रत्यक्षात एक शिक्षक कार्यरत असून दुसरे शिक्षक १ जुलैपासून अन्य शाळेत डेप्युटेशनवर आहेत. हे डेप्युटेशन रद्द करावे आणि तिसरे पद भरले जाईपर्यंत मराठी जाणणारा अतिथी शिक्षक द्यावा, असा ठराव समितीच्या बैठकीत झाला आहे. ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.' 'मराठी जाणणारा' हे दोन शब्द विसरू नयेत. ते नसल्यामुळे मराठी वर्गावर मराठी न येणारा शिक्षक नेमला गेला तर कागदावर मागणी पूर्ण झालेली असते.

हा अर्ज आधी सीआरपींना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाचे काम पाहणाऱ्या संसाधन व्यक्तीला, दाखवून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बीईओंकडे द्यावा आणि प्रत उपसंचालकांकडे पाठवावी. येथे गफलत होते : शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणीच्या शाळेने बेळगावच्या उपसंचालकांकडे पाठवलेली प्रत फिरत राहते. तिने चिकोडीकडे पाठवावी, खानापूरच्या शाळेने बेळगावकडे. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. फोटो काढून तो समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला की कागद हरवण्याची भीती राहत नाही.

उत्तर आले नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. ती तीन महिन्यांत निकाली काढावी लागते आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. वेळापत्रकही डोक्यात ठेवावे. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असले की जिल्ह्यातील अधिकारी जागेवर सापडत नाहीत, तेव्हा त्या महिन्यात कार्यालयाच्या पायऱ्या झिजवू नयेत. त्याऐवजी पोचेची प्रत नोव्हेंबरमध्येच आपल्या आमदारांकडे द्यावी. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर तयार करावे लागते आणि ते तयार करताना आपली फाईल उघडली जाते.

समिती कागदावर राहू नये

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्याकडे महिला सदस्यांच्या सह्या घरी जाऊन आणल्या जातात, हे सर्वांना माहीत आहे. बैठक भातलावणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवली तर दुसरे काय होणार? संध्याकाळी सहानंतर ठेवावी, इतिवृत्त त्याच बैठकीत वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी. शाळेचा विकास आराखडा तीन वर्षांचा करायचा असतो. तो डिसेंबरअखेर तयार असला तर पुढील आर्थिक वर्षाच्या मागणीत त्यातील कामे बसतात. खोली, मुलींचे स्वतंत्र शौचालय, पिण्याचे पाणी ही कामे त्यात लिहावीत आणि तीच यादी ग्रामसभेतही वाचावी, कारण पंचायतीकडून होऊ शकणारी कामे शिक्षण खात्याकडे मागत बसण्यात वर्षे जातात.

वर्गाच्या आतला न्याय

हा भाग लिहायला मला अधिक अवघड जातो, कारण येथे समोर सरकार नसते, आपण असतो. मराठी शाळेवर अन्याय होतो असे म्हणणाऱ्या गावातच वर्ग झाडायला ठराविक वस्तीतील मुलांना लावले जाते, जेवणाची पंगत बसताना कोण कुठे बसते ते ठरलेले असते आणि मागच्या भिंतीजवळच्या मुलांना वर्षभर कोणी उभे करून वाचायला लावत नाही. समितीच्या सदस्याने महिन्यातून एकदा, शिक्षकांना आधी सांगून, शाळेत तासभर बसावे. मागच्या ओळीतील पाच मुलांना त्यांच्याच पुस्तकातील एक परिच्छेद वाचायला द्यावा, पहिल्या ओळीतील मुलांना नव्हे. अक्षर दासोहाच्या, म्हणजे माध्यान्ह आहाराच्या वेळी ताटांच्या ओळीकडे पाहावे. झाडलोटीची पाळी फळ्यावर नावांनिशी लिहिलेली आहे का, तिच्यात मुलगे आहेत का, हे पाहावे. मारहाण आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने आणि शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्याला कलम २८ ने मनाई आहे. 'आम्हीही मार खाऊनच शिकलो' हे आजोबांचे वाक्य बैठकीत आले तर नम्रपणे पुढचा विषय घ्यावा.

४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. खालच्या खोलीत वर्ग भरवणे आणि उताराची वाट करणे, एवढ्यानेही बरेच साधते.

आता कन्नडविषयी. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड ही भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले. त्यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण आपल्या मुलाला कन्नड नीट येत नसेल तर नुकसान मुलाचे होते : बसच्या पाटीपासून नाडकचेरीतील (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातील) फॉर्मपर्यंत सगळीकडे. मराठी माध्यमातील मुलाला कन्नड दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते, आणि ती घरीच कन्नड बोलणाऱ्या मुलासारखी शिकवली की ते मूल केवळ फळ्यावरचे उतरवून काढते. हाच खरा अन्याय आहे आणि त्याविषयी कोणी अर्ज करत नाही. शिक्षकांशी बोलून पहिले वर्षभर बोलणे आधी आणि लिपी नंतर, असा क्रम ठरवून घ्यावा. मुलाला ठाऊक असलेल्या शब्दांपासून सुरुवात करावी : अण्णा, अक्का आपण कन्नडकडून घेतलेच आहेत, तूप आणि तुप्प, खिडकी आणि किटकी ही जोडी मुले स्वतः ओळखतात. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन दोन उच्चार आहेत, मराठीत नाहीत. मुलांच्या शुद्धलेखनातील चुका बहुतेक तेथेच होतात, म्हणून त्यासाठी रोज पाच मिनिटे द्यावीत. दिलासाही आहे : निर्जीव वस्तूंना कन्नडमध्ये नपुंसकलिंगच असते, तेव्हा फळा, खुर्ची आणि पुस्तक यांची तीन लिंगे पाठ करणारे मराठी मूल येथे सुटकेचा श्वास टाकते.

पाऊस आणि अंतर

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, कणकुंबी, जांबोटीपासून भीमगड अभयारण्यातील वाड्यांपर्यंत, पावसाळ्यात नाला भरला की शाळा बंद पडते. शिक्षण हक्क कायद्याला पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस हवे असतात. बुडालेले दिवस पालकांनी वहीत लिहून ठेवावेत आणि दसऱ्याच्या सुट्टीत किंवा शनिवारी ते भरून काढण्याचा ठराव समितीने ऑगस्टमध्येच करावा. शिक्षक गावाबाहेरून येत असतील तर दोष त्यांच्यावर न ढकलता बसच्या वेळेसाठी परिवहनच्या आगाराकडे स्वतंत्र अर्ज द्यावा.

सातवी-आठवीनंतरची तयारी

दहावीनंतर विज्ञान शाखेत गेलेला मराठी माध्यमाचा मुलगा पहिल्या सहामाहीत गळतो तो बुद्धीमुळे नव्हे, शब्दांमुळे. आठवीपासून त्याला मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तीन रकान्यांची वही घालून द्यावी : त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन, वेगोत्कर्ष; प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस, द्युतिसंश्लेषणे. रोज चार शब्द पुरेत. महाराष्ट्रातील मार्गदर्शके स्वस्तात मिळतात म्हणून कोल्हापूरहून आणू नयेत. एसएसएलसीचा, म्हणजे येथल्या दहावीचा, अभ्यासक्रम आणि पुस्तके कर्नाटकाची आहेत. एसएसएलसीच्या ६२५ गुणांपैकी १२५ गुण प्रथम भाषेचे असतात, त्यामुळे मराठी 'आपलीच आहे' म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलणारे मूल सर्वांत सोपे गुण गमावते.

आठवीतील सरकारी आणि अनुदानित शाळांच्या मुलांना एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावे लागते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून आधीच काढून ठेवावा. परीक्षेची घोषणा झाल्यावर तेथे रांग असते.

आणि सातवीचा दाखला हाती आला की घरी नेण्यापूर्वी शाळेतच तीन लिप्यांतील नाव ताडून पाहावे. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना मधले नाव गळते, आडनावाचे स्पेलिंग बदलते, आधार कार्डावर एक आणि सॅट्सवर दुसरे होते. सातवी-आठवीत ही दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या पत्रावर होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते नाव छापले गेल्यानंतर तिच्यासाठी बेंगळुरूपर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो.